निर्बंध उठले, म्हणून सीरियाचे पाउंड घ्यावेत का?

प्रश्न: अमेरिका आणि युरोपीय संघाने 2025 मध्ये सीरियावरचे आर्थिक निर्बंध उठवले. आता तिथला पाउंड वधारेल, असं एक विक्रेता सांगतो. मुदत ठेव मोडून तीन लाखांच्या नोटा घ्याव्यात का?

उत्तर: घेऊ नका. ठेवीलाही हात लावू नका.

2011 पूर्वी एका डॉलरला साधारण 47 पाउंड मिळत. 2025 च्या मध्याला अधिकृत दर 11 हजारांच्या घरात होता. ‘निर्बंध गेले की भाव पुन्हा 47 वर’ हे विक्रेत्याचं गणित इथेच फसतं. 2011 नंतरच्या गृहयुद्धात बाजारातल्या नोटा वाढत गेल्या, तेल आणि निर्यात हातची गेली, परकीय गंगाजळी आटली. निर्बंध उठल्याने यातलं काहीच आपोआप भरून येत नाही.

इराकचं उदाहरण बघा. तिथले व्यापारी निर्बंध सुरक्षा परिषदेने मे 2003 मध्ये उठवले. 1990 पूर्वी अधिकृत दराने एका दिनारला तीन डॉलरहून जास्त मिळत. फेब्रुवारी 2023 मध्ये सरकारने दिनार वधारवला, तोही एका डॉलरला 1,300 इतकाच. आणि हा तेल विकणारा देश! शिवाय सद्दामच्या काळातल्या नोटा जानेवारी 2004 नंतर चलनातून बाद झाल्या. ज्यांनी त्या वेळेत बदलल्या नाहीत, त्यांच्याकडे कागद उरला.

सीरियातही 1 जानेवारी 2026 पासून दोन शून्यं काढलेल्या नव्या नोटा आल्या. जुने 100 म्हणजे नवा 1. त्यामुळे 11,000 चा दर 110 दिसतो, पण किंमत तसूभरही वाढलेली नसते. विक्रेता नेमका हा आकडा पुढे करेल. त्याच्याकडच्या नोटा जुन्या असतील तर त्या बदलायची सोय तुमच्या गावात नाही.

विकताना खरी गोची होते. शंभराला विकलेली नोट तोच माणूस ऐंशीला परत घेत असेल, तर नुसती मुद्दल सुटायला भाव 25 टक्के चढायला हवा. दरम्यान व्याज शून्य. बँका या नोटा घेत नाहीत, कारण निर्बंध उठले तरी सीरियाशी व्यवहार करायला त्या अजून कचरतात. भाव वाढेल म्हणून परकीय नोटा साठवणं फेमाच्या, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या, नियमांतही बसत नाही.

आगाऊ रक्कम दिली असेल तर परतावा लेखी मागा. आपली बँक या चलनाचा खरेदी आणि विक्री असा दोन्ही दर देऊ लागेल, तेव्हा हा विषय पुन्हा काढा.