बोलला तेव्हा काय ठाऊक होतं?

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं भाषण दोनदा वाचलं. ‘मोडलेलं आश्वासन म्हणजे खोटंच’ या बाजूने नाव दिलंस, आणि स्पर्धा चार दिवसांवर आल्यावर फोन करतेस की तात्या, आता मलाच पटेना. बरं झालं. पण म्हणून ‘राजकारणात असं चालायचंच’ या वाक्यावर जाऊन बसू नकोस. पारावर ते म्हणणारा बहुतेक वेळा कुणाला तरी सावरत असतो.

एकच प्रश्न धर. बोलला तेव्हा त्याला काय ठाऊक होतं?

अमेरिकेची दोन्ही उदाहरणं तू एकाच दावणीला बांधलीस, घोळ तिथेच आहे. थोरल्या बुशने १९८८ मध्ये अध्यक्षपदाच्या प्रचारात छातीठोक सांगितलं, नवे कर नाहीत. १९९० मध्ये तूट वाढलेली, संसद विरोधकांच्या हाती. तडजोडीत आयकराचा वरचा दर २८ वरून ३१ टक्के झाला. शब्द मोडलाच. पण बोलताना कर वाढवायचं मनात ठरलेलं होतं, याचा पुरावा आहे तुझ्याकडे? नाही ना? मग उतावळा म्हण, खोटारडा कशाला?

ओबामा म्हणायचा, आरोग्य विम्याची पॉलिसी आवडत असेल तर तीच ठेवा. त्याच्या नव्या विमा कायद्यात जुन्या पॉलिसींना नव्या अटींतून सूट होती खरी, पण कंपनीने त्यात मोठा बदल केला की सूट गेली. जून २०१० मध्ये त्याच्याच सरकारने काढलेल्या नियमांत अंदाज होता, वैयक्तिक पॉलिसींपैकी बऱ्याच ही सूट गमावतील. तरी २०१२ मध्ये तेच वाक्य. २०१३ मध्ये पॉलिसी रद्द झाल्याची पत्रं लोकांच्या हाती पडली, तेव्हा माफी. हेतू चांगला होता म्हणतेस? असेल. लाखोंना त्याच कायद्याने विमा मिळाला, तेही खरं. मी हेतू विचारलेलाच नाही! बोलला तेव्हा काय ठाऊक होतं, एवढंच विचारतोय.

आपल्याकडचं घ्यायचं तर २०१७ चं आरोग्य धोरण घे. सार्वजनिक आरोग्यावर २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्के खर्च करायचा होता. तिथे पोहोचलो नाही. पण खोटं म्हणण्याआधी दरसालची बजेटं काढून बस. कंटाळवाणं काम आहे, करावं लागेल.

हे मी शहाणा म्हणून सांगत नाही. तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावात पॅनेल उभं केलं तेव्हा देवळापुढे मी दोन गोष्टी बोललो. पाच वर्षं घरपट्टी वाढणार नाही, आणि उपकेंद्रात नर्सबाई रात्री मुक्कामी राहतील. पहिली मनापासून बोललो होतो. निवडून आल्यावर दप्तर उघडलं तर दिवाबत्तीचं बिल थकलेलं. दुसऱ्या वर्षी घरपट्टी वाढवली. गाव अजून मला त्यावरून खोटारडा म्हणतं.

दुसरीबद्दल कुणी ब्र काढला नाही. सभेच्या दोनच दिवस आधी मी नर्सबाईंची खोली बघून आलो होतो. छप्पर बसलेलं, दुरुस्तीला पैसा नाही, हे तालुक्याला विचारूनही घेतलं होतं. तरी बोललो. पुढे एका बाळंतिणीला रात्री ट्रॉलीत घालून गावाबाहेर काढावं लागलं, तिथून जीपने मिरजेला. दोघं वाचली, म्हणून मला कुणी विचारलं नाही.

तू म्हणशील, मग बोललात कशाला? पोरी, समोरचं पॅनेल आलं असतं तर उपकेंद्राचं खताचं गोदाम झालं असतं. छप्पर शेवटी मीच घातलं, चौथ्या वर्षी. आता हे तुला का सांगतोय कोण जाणे.

भाषण फिरवू नकोस, बाजू तीच ठेव, फक्त ‘मोडलेलं’ हा शब्द काढ आणि ‘ठाऊक असून दिलेलं’ असं घाल. परीक्षक विषय बदलला म्हणून गुण कापतील, कापू देत. गावाची गोष्ट सांगितलीस तरी चालेल, नाव नको. आणि घरपट्टी नाइलाजाने वाढवली होती, हे मात्र नीट सांग.

तुझे,
तात्या