युजर रिसर्च करताना संमतीपत्रावर सही घेतली की पुरे का?

ॲपसाठी पहिल्यांदाच मुलाखती आणि युजेबिलिटी टेस्ट (लोकांना ॲपवर छोटी कामं करायला देऊन ते कुठे अडतात हे बघणं) घ्यायच्या आहेत, सही घेतली की झालं का, असं तुम्ही विचारलंय. नाही. सही केलेल्या माणसाला अर्ध्यातून "आता नको" म्हणता येतं का, आणि तसं म्हटल्याने त्याचं काही बिघडत नाही ना, हे खरं बघायचं.

२०१२ च्या जानेवारीत फेसबुकने आठवडाभर सुमारे ६,८९,००० लोकांच्या फीडमधल्या भावनिक पोस्ट कमी-जास्त करून पाहिल्या. २०१४ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाल्यावर टीकेची झोड उठली. संमती म्हणून दाखवायला होत्या फक्त खातं उघडताना मान्य केलेल्या अटी.

म्हणून भाग घेणाऱ्याला मानधन सुरुवातीलाच द्या आणि "मध्येच उठलात तरी हे तुमचंच" असं स्पष्ट सांगा. शेवटी द्यायचं ठेवलं तर लोक अवघडून बसून राहतात. भागीदार कंपनीच्या साहेबांकरवी त्यांचेच कर्मचारी बोलावू नका; साहेबांना नाही कोण म्हणणार? मुलं असतील तर पालकांची संमती हवीच, पण मुलालाही वेगळं विचारा.

संमतीचे तुकडे करा: सहभाग, आवाजाचं रेकॉर्डिंग, स्क्रीनचं रेकॉर्डिंग, क्लिप टीमला दाखवणं. प्रत्येकाला स्वतंत्र चौकोन, आणि एकही आधीपासून टिक केलेला नको. ऑनलाइन सेशनमध्ये कॅमेरा बंद ठेवून ऐकणारे सहकारी असतील तर तेही सांगा.

सगळ्यात जास्त गडबड होते ती स्क्रीन शेअरिंगमध्ये. माणूस स्वतःच्या फोनवरून ॲप दाखवत असतो आणि वरून मेसेज टपकतो: कुणाची तब्येत, बँकेतली शिल्लक, ओटीपी. तो मेसेज पाठवणाऱ्याने तर कसलीच संमती दिलेली नसते. सुरू करण्याआधी डू नॉट डिस्टर्ब लावून घ्या, बनावट माहिती भरलेलं टेस्ट खातं द्या. तरीही काही दिसलंच तर रेकॉर्डिंग थांबवा आणि तेवढा भाग त्याच दिवशी कापा.

"आम्ही ॲप तपासतोय, तुम्हाला नाही" हे सगळेच म्हणतात, पण माणूस अडकला की तोंडातून निघतं, "सोपं आहे, वर बघा ना." एवढ्याने तो ओशाळतो. त्याऐवजी "इथे काय दिसेल असं वाटलं होतं?" असं विचारा. चिडचीड वाढली तर ते काम सोडून द्या आणि शेवटचं काम असं ठेवा की जे त्याला नक्की जमेल.

नावांऐवजी पी१, पी२ असे कोड वापरा, कोड आणि नावांची यादी वेगळ्या जागी ठेवा, रेकॉर्डिंग कधी पुसणार ती तारीख पत्रातच लिहा. माघार घ्यायची मुदतही लिहा, कारण सगळ्यांची उत्तरं एकत्र झाल्यावर एकाचं बोलणं वेगळं काढणं अवघड जातं. रिपोर्टमध्ये नाव गाळलं तरी "रात्रपाळीची एकमेव महिला सुपरवायझर" असं लिहिलंत तर ती कोण हे तिच्या ऑफिसात लगेच कळतं. तिथे नुसतं "एक सुपरवायझर" लिहा.