बीट जुळतात, तरी हार्डकोर मिक्स करताना गोंगाट का होतो?

प्रश्न असा आहे: बडोद्याला असतो, दोन वर्षं हाउस आणि बॉलिवूड वाजवतोय, १२० ते १२८ बीपीएम (मिनिटाला इतके बीट). आता १७०च्या पुढचं हार्डकोर शिकतोय. सिंक (दोन ट्रॅकचे बीट आपोआप जुळवणारी सोय) चालू असतं, बीट जुळलेले दिसतात, तरी दोन ट्रॅक एकत्र आले की नुसता कल्लोळ. वाड्यात राहतो, त्यामुळे मोठ्याने वाजवता येत नाही. कुठे चुकतंय?

उत्तर:

बीट जुळत असतील तर चूक तिथे नाही, किकमध्ये, म्हणजे बेस ड्रमच्या ठोक्यात आहे. हाउसची किक छोटी असते. ठक् वाजते, संपते, मध्ये जागा उरते, त्या जागेत दुसऱ्या ट्रॅकचा बेस किंवा हाय-हॅट बसून जातो. हार्डकोरमध्ये ही जागाच नसते. ९०च्या दशकाच्या सुरुवातीला रॉटरडॅमच्या गॅबरमध्ये (हार्डकोरचा सुरुवातीचा प्रकार) टीआर-९०९ या ड्रम मशीनची किक मुद्दाम ओव्हरड्राइव्ह करून, म्हणजे मर्यादेपलीकडे ढकलून, फाडली गेली, आणि तेव्हापासून या संगीतात किक म्हणजे नुसता ठेका नाही, तोच बेस आणि तोच मुख्य आवाज. १७४ बीपीएमला एक बीट साधारण ०.३४ सेकंदांचा. किकची शेपटी तो जवळजवळ सगळा भरून टाकते. अशा दोन किक एकमेकींवर बसवल्या तर कितीही नेमक्या जुळवा, चिखलच होणार. शिवाय नेमक्या जुळल्या तर आवाजाचं शिखर ६ डीबीपर्यंत (डेसिबल) वर जातं आणि मास्टरचा, म्हणजे एकूण आवाजाचा, मीटर लाल होतो.

म्हणून नियम एकच: एका वेळी एकच किक.

हाउसची सवय असलेला माणूस इथे ईक्यूचा फक्त लो नॉब (खालच्या सुरांचा; वर मिड आणि हाय) शून्यावर आणतो आणि काम झालं समजतो. फाडलेल्या किकची ताकद लोमध्ये जेवढी असते, तेवढीच मिडमध्येही असते. लो पूर्ण काढला तरी मधला खरखरीत भाग वाजतच राहतो. येणाऱ्या ट्रॅकचा लो पूर्ण बंद करा आणि मिडसुद्धा घड्याळातल्या ९ वाजेपर्यंत खाली घ्या. हाय जेमतेम १२च्या खाली. आता त्यातून फक्त टिकटिक आणि हाय-हॅट ऐकू येतील, तेवढेच हवेत. काही मिक्सरवर ईक्यू साधारण −२६ डीबीपर्यंतच उतरतो, आयसोलेटर मोड असेल तर पूर्ण बंद होतो. तो असेल तर लावा. नसेल तर चॅनेलचा हाय-पास फिल्टर (खालचे सूर कापणारा) वापरा, तोही चालतो, पण अदलाबदलीच्या क्षणी तो एका झटक्यात मध्यावर आणता यायला हवा. हळूहळू उघडलेला फिल्टर हाउसमध्ये छान वाटतो, इथे चार-पाच सेकंद दोन अर्धवट किक ऐकू येत राहतात.

अदलाबदल कुठे करायची, हा पुढचा प्रश्न. बहुतेक ट्रॅकमध्ये मधोमध एक ब्रेकडाउन असतं. किक थांबते, सिंथची धून येते, मग स्नेअर रोल आणि ड्रॉप, म्हणजे किक जोरात परत. सुरुवातीला हेच एक ठिकाण वापरा. चालू ट्रॅकचं ब्रेकडाउन जिथे सुरू होतं, त्याच बीटवर नव्या ट्रॅकची इंट्रो सोडा, आणि या वेळी लो-मिड दोन्ही उघडे ठेवा, कारण पलीकडे आता किक नाहीच. जुन्याची धून नव्याच्या किकवर चालते. ऐकणाऱ्याला वाटतं की ट्रॅक बदललाच नाही, फक्त जोर वाढला. धोका एवढाच की जुन्याचा ड्रॉप येतो आणि त्याची किक परत येते. ३२ बारचं ब्रेकडाउन १७४ला फक्त ४४ सेकंदांत संपतं. १२६ला तेच ६१ सेकंद मिळायचे, तुमचा हात त्या सवयीचा आहे. ड्रॉपच्या ८ बार आधी एक हॉट क्यू (ट्रॅकवरची खूण) लावून ठेवा. तो आला की जुन्याचा लो आणि मिड बंद, रोलवर फेडर उतरवायचा, ड्रॉपच्या पहिल्या बीटला चॅनेल पूर्ण बंद. उशीर होतोय असं वाटलं तर धुनेच्या शेवटच्या १६ बीटना लूप लावा, श्वास घ्यायला वेळ मिळतो.

यासाठी मोजणी अंगात हवी. ४ बीटचा बार, ८ बार म्हणजे ३२ बीट, आणि बदल बहुतेक याच पटीत येतात. केरवा (८ मात्रा) वाजवला असेल तर हे चार आवर्तनं आहेत, पाचव्याची सम म्हणजे बदल. सयाजीरावांनी १८८६ साली गायनशाळा काढलेल्या शहरात तबला शिकवणारा शोधायला फार वणवण करावी लागू नये. दोन महिने नुसता ताल धरायला शिकलात तरी यूट्यूबवरच्या डीजे-कोर्सपेक्षा जास्त हाती लागेल.

सिंक वापरायला माझी काही हरकत नाही, पण ते बीटग्रिडवर (सॉफ्टवेअरने ट्रॅकवर आखलेल्या बीटच्या रेघांवर) चालतं आणि हार्डकोरमध्ये ग्रिड सर्रास चुकते. एक म्हणजे सॉफ्टवेअरची बीपीएम-रेंज १८०पर्यंतच असेल तर २००चा फ्रेंचकोर (हार्डकोरचा आणखी वेगवान प्रकार) १०० दिसतो. रेंज बदलून पुन्हा ॲनालिसिस करा किंवा बीपीएम दुप्पट करा. दुसरं, किकचा हल्ला (सुरुवातीचा ठोका) आणि शेपटी यांत गोंधळ होऊन ग्रिडची रेघ शेपटीवर बसते. वेव्हफॉर्म पूर्ण झूम करून पहिल्या किकच्या अगदी सुरुवातीला रेघ आणा, मग ट्रॅकच्या शेवटी जाऊन बघा. तिथे सरकलेली असेल तर बीपीएममध्ये बारीक फरक आहे. १७४.९८ आणि १७५ यांतला फरक ५ मिनिटांत ०.१ बीट होतो, म्हणजे ३४ मिलिसेकंद, आणि तेवढ्यात किक ‘धड’ऐवजी ‘धडड’ वाजते. जुन्या रेकॉर्डवरून उतरवलेल्या ट्रॅकमध्ये तर वेगच थोडा डगमगतो. तिथे सिंक बंद करा आणि जॉग व्हीलवर बोट ठेवून हाकत राहा. स्पर्श हलका हवा. १२६ला चालतो तेवढा धक्का इथे जास्त होतो.

की-लॉकबद्दल (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय) मतभेद आहेत, माझं मत सांगतो. ३ टक्क्यांपर्यंत पिच (वेग) हलवायचा असेल तर की-लॉक बंद ठेवा. चालू असलं की सॉफ्टवेअर आवाज ताणतं आणि किकचा टोकदार हल्ला बोथट होतो. पण १६५चा ट्रॅक १७५ला नेलात तर तो ६ टक्के वाढतो, म्हणजे जवळपास एक सेमीटोन वर चढतो. सॉफ्टवेअरच्या खुणांत ८एचा (ए मायनर) ट्रॅक ३ए (बी फ्लॅट मायनर) झाला, आणि पडद्यावर दिसणाऱ्या कीवर भरवसा राहिला नाही. हे इथे जास्त टोचतं, कारण किकच्या शेपटीलाही सूर असतो. एफमध्ये असेल तर ती साधारण ४३.७ हर्ट्झवर, जीमध्ये ४९वर. एकाची धून दुसऱ्याच्या किकवर ठेवताना हे सूर भांडले तर बेसुरं वाटतं, आणि नेमकं काय बिघडलंय ते लवकर कळत नाही. त्यापेक्षा दर ट्रॅकला १-२ बीपीएम चढत जा.

तुमच्या हाउस सेटमधून थेट इकडे यायची एक वाट आहे. १२६ला इको ३/४ बीटवर लावला की त्याचे प्रतिध्वनी १६८ बीपीएमच्या अंतराने पडतात, कारण १२६ला ४/३ने गुणलं की १६८. फ्रेजच्या शेवटच्या बीटला इको चालू करा, फेडर बंद, आणि १६८वर आणलेला हार्डकोर एखाद्या प्रतिध्वनीवर हाताने सोडा. सिंक इथे कामाचं नाही. पाच वेळा फसेल, सहाव्यांदा बसेल. ८५चं एखादं गाणं असेल तर आणखी सोपं, १७० त्याच्या बरोबर दुप्पट.

वाड्यातला प्रश्न वाटतो तेवढा मोठा नाही. जाड भिंतींतूनही लो जातोच, म्हणून स्पीकर हळू ठेवा. बोलण्याच्या आवाजात वाजवूनही दोन ट्रॅक वेगळे कळत असतील तर ईक्यू बरोबर आहे. मोठ्या आवाजात सगळंच भारी वाटतं, चुका झाकल्या जातात. रात्री १० नंतर हेडफोन, पण तिथेही भान ठेवा. ८५ डीबी ८ तास चालतं, पुढे दर ३ डीबीला वेळ निम्मा, म्हणजे १००ला फक्त १५ मिनिटं. फाइल विकत घ्या, बँडकॅम्प किंवा बीटपोर्टवर मिळतात. व्हिडिओतून काढलेल्या फाइलमध्ये फाडलेली किक आणखी फाटते, आणि मग तुम्ही ईक्यूला दोष देत बसता.

गणपतीत किंवा कुणाच्या रिसेप्शनला एखादा ट्रॅक घालायचा मोह होईलच. त्याआधी साउंडवाल्या दादांना सांगा की यात किकच्या मध्ये मोकळी जागा नाही, सबला (सबवूफरला) दम खायला वेळ मिळत नाही. पीक तेच दिसलं तरी सरासरी ताकद खूप जास्त जाते. अँप गरम होऊन क्लिप होतो, स्पीकरची कॉइल जळते आणि पैसे तुमच्याकडे मागतात. मास्टर नेहमीपेक्षा ३ ते ६ डीबी खाली घ्या, चॅनेलचा मीटर लालला लागू देऊ नका, आणि पहिल्या दोन मिनिटांत सबजवळ जाऊन जळका वास येतोय का ते बघा.