खर्ज हवा, गढूळपणा नको

प्रश्न : आमच्या वाद्यवृंदात मी बेस गिटार वाजवतो. अ‍ॅम्पचा बास वाढवला की नुसतं घुमतं, सूर कळत नाहीत. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी अ‍ॅम्प कोपऱ्यातून बाहेर काढा, दोन भिंतींच्या बेचक्यात खर्ज फुगतोच. मग सगळे नॉब मध्यावर आणा. सर्वांत जाड तारेचा मूळ सूर साधारण ४१ हर्ट्झचा, पण कान तो ओळखतात वरच्या हार्मोनिक्समुळे, म्हणजे मूळ सुराच्या पटीत उमटणाऱ्या उपसुरांमुळे. म्हणून बास वाढवण्याऐवजी २५० हर्ट्झच्या आसपास थोडं कमी करा, ८०० जवळ किंचित वाढवा. मिड (खर्ज आणि तार यांच्या मधली पट्टी) पार उतरवलेला आवाज घरी गोड लागतो आणि ढोलकी-कीबोर्डात हरवतो. माझं याबाबत ठाम मत आहे, मिड सोडू नका. तारा मळल्या असतील तर बदला. आणि ही जुळवाजुळव सगळे वाजवत असतानाच करा.