जर्मनीत रक्ततपासणीच्या यंत्रांवर काम करायला यावे का?

पुण्यात सहा वर्षे रक्तपेशी मोजणाऱ्या सेल काउंटर आणि रक्तातील घटक मोजणाऱ्या बायोकेमिस्ट्री अ‍ॅनालायझरची सर्व्हिस केल्यानंतर जर्मनीत यावे का आणि इथली बाजारपेठ कुठे चालली आहे, असे तुम्ही विचारले आहे. हॅम्बुर्गजवळ मी नऊ वर्षे हेच काम करतो आहे.

यंत्रे किती खपतात, हा हिशेब आधी बाजूला ठेवा. आपल्याकडच्यासारखेच इथेही यंत्र बहुधा करारावर लॅबमध्ये येऊन बसते आणि कंपनीची खरी कमाई पुढची काही वर्षे रिएजंटवर, म्हणजे तपासणीला लागणाऱ्या रसायनांवर होते. त्यातच लहान रुग्णालये तातडीच्या मोजक्या तपासण्या जागेवर ठेवून बाकीची सॅम्पल लिंबाख, सिनलॅब, सोनिक अशा मोठ्या लॅब-समूहांकडे पाठवू लागली आहेत. त्यामुळे ठिकठिकाणची सुटी यंत्रे कमी होऊन एकाच छताखाली सॅम्पल वाहून नेणाऱ्या ट्रॅकला जोडलेली यंत्रांची लांबलचक ओळ उभी राहते, आणि तिथे सुई बदलता येणाऱ्यापेक्षा मिडलवेअर (यंत्रे आणि लॅबचा संगणक जोडणारे सॉफ्टवेअर) आणि नेटवर्क समजणारा माणूस अधिक लागतो. ही झाली पहिली वाट.

दुसरी वाट कायद्यामुळे उघडली आहे. २६ मे २०२२ पासून युरोपीय संघात आयव्हीडीआर, म्हणजे प्रयोगशाळेतील तपासण्यांच्या उत्पादनांचा नियम, लागू झाला. पूर्वी बहुतेक तपासण्यांच्या बाबतीत उत्पादकाने स्वतः ग्वाही दिली की भागत असे. आता त्यांतील बहुसंख्य तपासण्यांना बाहेरच्या मान्यताप्राप्त संस्थेची मंजुरी लागते. जुन्या उत्पादनांना दिलेली मुदत धोक्याच्या वर्गानुसार २०२७, २०२८ आणि २०२९ च्या अखेरीस संपेल. तोवर कागदपत्रे आणि बाजारातील तक्रारी सांभाळणाऱ्यांना काम आहे, आणि सर्व्हिस रिपोर्ट नीट लिहायची सवय असलेल्याला ते जमते. माझ्या मते तुमच्यासाठी ही वाट पहिलीपेक्षा टिकाऊ आहे.

आपला अनुभव इथे जसाच्या तसा चालेल, असे मात्र धरू नका. पहिल्याच आठवड्यात सेल काउंटरच्या रॅकमध्ये लाल झाकणाच्या ट्यूब पाहून मी सीरमच्या समजून बाजूला काढू लागलो होतो. इथे सर्रास वापरल्या जाणाऱ्या सारस्टेट कंपनीच्या मोनोव्हेट ट्यूबमध्ये लाल म्हणजे ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन), जे आपल्याकडे जांभळे असते. लॅबमधल्या बाई हसल्या, पण ते जर्मनमध्ये समजावून सांगण्याइतके शब्द माझ्याकडे नव्हते. रात्री ट्रॅक अडला आणि आपत्कालीन विभागातली पोटॅशियमची तपासणी खोळंबली, तर फोनवर कुणी इंग्रजी बोलत बसत नाही. म्हणून बी-२ (वरच्या मध्यम) पातळीपर्यंतची जर्मन भाषा तिकडेच करून या.

तुमच्या पत्नींचे डीएमएलटी (लॅब टेक्नॉलॉजीची पदविका) झाले आहे, तेव्हा त्यांचा मार्ग वेगळा आहे. लॅब टेक्नॉलॉजिस्ट हा इथे नियंत्रित व्यवसाय असून शिक्षण तीन वर्षांचे आहे. त्यामुळे मान्यतेसाठी बहुधा पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा द्यावी लागेल. सर्व्हिस इंजिनीअरच्या नोकरीला अशी मान्यता लागत नाही, पण गाडी लागते, आणि भारतीय परवाना इथे राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतो.

कोणत्या मॉडेलचे प्रशिक्षण कधी झाले, याची प्रमाणपत्रे सध्याच्या कंपनीकडून राजीनामा देण्याआधीच लेखी मागून घ्या.