पत्ता लपवू नकोस

प्रश्न : ताई, माझा नवरा अमेरिकन नागरिक आहे, सिअ‍ॅटलला नोकरी करतो. मला दोन वर्षांचं कंडिशनल ग्रीन कार्ड मिळालं तेव्हा आम्ही तिथे एकत्रच राहत होतो. अकरा महिन्यांनी मला क्लीव्हलँडच्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणून रेसिडेन्सी (प्रशिक्षणाची नोकरी) मिळाली. गेले नऊ महिने मी इथे, तो तिथे. दोन घरं, दोन भाडेकरार. चार महिन्यांनी कार्डाची मुदत संपतेय, त्यावरची अट काढण्याचा अर्ज, म्हणजे आय-७५१, भरायचाय. ओळखीतले एक जण म्हणतात, दोघांचा पत्ता सिअ‍ॅटलचाच टाका, वेगळे राहता म्हटलं की लग्न खोटं ठरवतात. तिथला घरमालक भाडेकरारावर मागच्या तारखेने माझं नाव घालून द्यायला तयार आहे. आमचं भांडण वगैरे काही नाही. फक्त भीती वाटते.
– एक वाचक, क्लीव्हलँड

ता. क. : तीन वर्षं झाली की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो ना?

उत्तर : तू ताई म्हणालीस, म्हणून एकेरीत लिहिते. त्या घरमालकाला आजच फोन करून नको म्हणून सांग. बाकीचं उत्तर त्यानंतर वाच.

मी वकील नाही. वकिलाच्या ऑफिसात सोळा वर्षं या फायली लावल्या आणि त्यातली चार वर्षं माझा स्वतःचा नवरा दुसऱ्या राज्यात होता. वेगळं राहिल्यामुळे अडकलेल्या फायली मी मोजक्याच पाहिल्या. पत्ता लपवल्यामुळे अडकलेल्या त्याहून कितीतरी जास्त.

तुझंच बघ. तुझा पगार ओहायोतला, त्यातून ओहायोचा कर कापला जातो. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन राज्यात तर पगारावर राज्याचा आयकरच नाही. तुम्ही अर्जाला टॅक्स रिटर्न जोडणार, त्यात तुझा डब्ल्यू-२, म्हणजे हॉस्पिटलने दिलेला पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, असणार, आणि फॉर्मवर मात्र सिअ‍ॅटल? शिवाय ग्रीन कार्ड मिळाल्यापासून कुठे कुठे राहिलीस, ते सगळे पत्ते तारखांसकट फॉर्मच विचारतो. नवऱ्याच्या पत्त्याला वेगळी जागा आहे. म्हणजे दोघांचे पत्ते वेगळे असू शकतात हे फॉर्म तयार करणाऱ्यांनीही धरलंय. पत्ता बदलल्यावर १० दिवसांत इमिग्रेशन खात्याला कळवायचा असतो. ते राहिलं असेल तर उशिरा का होईना, आज कळव.

हा दोन वर्षांच्या कार्डाचा प्रकार १९८६ च्या कायद्याने आला, तोही खोट्या लग्नांना आळा घालायलाच. खोटं लग्न केल्याबद्दल ५ वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे. तुमचं लग्न खरं आहे. त्याला खोटा कागद जोडणं म्हणजे धडधाकट पायाला प्लास्टर घालून लंगडत जाणं. डॉक्टर आहेस, तुला जास्त समजेल.

मुळात अधिकाऱ्याला बघायचं असतं ते हे, की लग्न करताना दोघांचा एकत्र संसार करण्याचा इरादा होता का. बार्क नावाच्या माणसाच्या खटल्यात १९७५ साली नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने हेच म्हटलं, आणि वर हेही, की परदेशी माणसाचं लग्न नागरिकांच्या लग्नापेक्षा जास्त चाकोरीतलं किंवा जास्त यशस्वी असलं पाहिजे अशी अट घालता येत नाही. वेगळं राहणं हा पुराव्यातला एक मुद्दा आहे, निकाल नव्हे. (खरोखरच वेगळे होत असतात त्यांची वाट निराळी. तुमचा प्रश्न तो नाही.)

आता फाइल. सगळ्यात वर दोघांच्या सहीचं दीड पानाचं पत्र ठेव आणि पहिल्याच वाक्यात सांगून टाक : आम्ही सध्या दोन शहरांत राहतो, कारण अमुक. रेसिडेन्सीचा मॅच, म्हणजे कुणाला कुठलं हॉस्पिटल ते ठरवणारी वाटणी, बंधनकारक असतो, नाव लागेल तिथे जावं लागतं, हे तुला रोजचं आहे. टेबलामागच्या माणसाला ते माहीत असेलच असं नाही. मॅचचं पत्र आणि हॉस्पिटलचा करार जोड, कधी रुजू झालीस आणि कधी संपणार ते लिही. पुढे काय, तेही लिही. नवरा बदली मागतोय का, तू सिअ‍ॅटलकडे नोकरी बघणार आहेस का? त्याबद्दल एखादी ईमेल असेल तर तिचं वजन लग्नाच्या अल्बमपेक्षा जास्त.

अकरा महिने एकत्र होतात, त्या काळातले कागद सोपे आहेत, ते काढ. कस लागतो तो पुढच्या नऊ महिन्यांत. आणि इथे लोक उगाच रडकुंडीला येतात. अगं, दोन घरं चालवायला पैसे पडतात, आणि पैसे गेले की कागद मागे राहतो. विमानाची तिकिटं एका बाजूला आणि तुझा ड्यूटी रोस्टर दुसऱ्या बाजूला ठेव. आठवड्याला ८० तासांच्या ड्यूटीत सलग दोन दिवस सुट्टी मिळाली, त्याच दोन दिवसांत तो तिथून येऊन गेला. हे शेजारी शेजारी दिसलं की वेगळं समजावून सांगायला नको. जॉइंट खातं नुसतं उघडलेलं दाखवू नकोस, त्यातले व्यवहार दाखव. क्लीव्हलँडचं भाडं त्यातून जातं का? जात नसेल तर या महिन्यापासून जाऊ दे. तारीख नवी दिसेल, दिसू दे. नवी तारीख हा गुन्हा नाही, जुनी करून घातलेली तारीख गुन्हा आहे. फेडरल रिटर्न दोघांनी मिळून भरलेलं असावं. विम्यावर एकमेकांची नावं आहेत का, तेही बघून घे.

माझ्या मुलाखतीला मी १४० फोटोंचा अल्बम नेला होता. अधिकाऱ्याने तो बाजूला सारला आणि एका मोबाइल बिलापाशी थांबला. एकाच प्लॅनवर दोन नंबर, आणि माझ्या रात्रपाळीच्या दिवसांत पहाटे चारला रोज वीस-बावीस मिनिटांचा कॉल. नंतर विचारलं, पलंगाच्या कुठल्या बाजूला कोण झोपतं? मी म्हटलं, कुठल्या घरातल्या? तो हसला नाही. पण लिहून घेतलं.

व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पुरावा म्हणून जोडण्याचं सांगते, कारण मराठी जोडप्यांचं इथेच चुकतं. इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाचं पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं, आणि ते पूर्ण व बरोबर आहे, दोन्ही भाषा मला येतात, असं भाषांतर करणाऱ्याने सहीनिशी लिहून द्यावं लागतं. त्यामुळे नऊशे पानं छापायच्या आधी भाषांतर कोण करणार ते ठरव. दर महिन्यातला एखादा दिवस घे, तारीख दिसेल असा. बारा-पंधरा पानं पुरेत. भाषांतर तुम्हा दोघांऐवजी तिसऱ्याकडून करून घे. आणि निवडताना 'तुझ्याविना करमत नाही' गाळलंस तरी चालेल, 'हीटरचा माणूस आला का?' ठेव. 'पैसे टाकलेस का?' ठेव. थोडी कुरबुरही राहू दे. नुसतं गोड कुणी वर्षभर बोलत नाही.

प्रतिज्ञापत्रं निदान दोन, ग्रीन कार्ड मिळाल्यापासून तुम्हा दोघांना ओळखणाऱ्यांची. 'फार छान जोडपं आहे' अशी चार पत्रं येतात, ती कुणी वाचत नाही. तुझ्या रूममेटने किंवा सहकाऱ्याने लिहावं की अमुक शनिवारी तो आला होता, मी दार उघडलं, मला कसं माहीत ते असं. आणि प्रतिज्ञापत्रांवर सगळी भिस्त ठेवता येत नाही, बाकीचे कागद हवेतच.

अर्ज मुदत संपायच्या आधीच्या ९० दिवसांतच जातो, म्हणजे तुझ्या हातात तयारीला महिना आहे. पोचपावतीने कार्डाची मुदत ४८ महिने वाढते, ती पावती जपून ठेव. मुलाखत माफही होते, पण बोलावलं तर घाबरू नकोस. फक्त दोघांनी आदल्या रात्री फाइल एकत्र वाचा, फोनवर का होईना. तारखा त्याला एक आणि तुला एक आठवतात.

तुझा ता. क. : तीन वर्षांच्या वाटेला नागरिक जोडीदारासोबत प्रत्यक्ष राहणं लागतं, तिथे आय-७५१ पेक्षा कडक बघतात. सैन्यसेवा किंवा नोकरीची अत्यावश्यक गरज अशा हाताबाहेरच्या कारणाने वेगळं राहावं लागलं तर नियमात सवलत आहे. रेसिडेन्सी त्यात बसते असं मांडता येईल, पण मांडावं लागेल, आणि त्यासाठी वकील कर. घाई नसेल तर पाच वर्षांची वाट आहे, तिथे नवरा कुठे राहतो ही अटच नाही. तुझी रेसिडेन्सी बहुधा त्याच्या आधी संपेल.