एक्सवर (जुन्या ट्विटरवर) खातं तर उघडलं, आता सुरुवात कशी करू?

तुम्ही लिहिलंय, पिंपळगावला द्राक्षबाग आहे, खातं उघडून पंधरा दिवस झाले, समोर नुसती भांडणं दिसतात आणि काय लिहावं ते सुचत नाही. माझंही सुरुवातीला असंच झालं होतं.

माझं नाशिकच्या भांडी बाजारात दुकान आहे. गोदावरी चढली की आमच्या गल्लीत पाणी शिरतं. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं हे वेळेवर कळावं, एवढ्यासाठीच मी ट्विटर घेतलं. तुम्हीही असंच एक कारण धरा. हवामान विभाग, द्राक्षातली जाणकार मंडळी, आसपासचे बागायतदार असे दहा-पंधराच जण फॉलो करा आणि महिनाभर फक्त वाचा. वर 'फॉर यू' आणि 'फॉलोइंग' असे दोन टॅब असतात. भांडणं पहिल्यात येतात. दुसरा उघडा, जाहिराती सोडल्या तर तिथे तुम्ही निवडलेली माणसं आणि त्यांनी पुढे पाठवलेलंच दिसेल.

आता मराठीतून लिहिण्याबद्दल, कारण हे कोणी सांगत नाही. आधी एका संदेशाची मर्यादा १४० अक्षरांची होती, कारण तेव्हा संदेश एसएमएसने जायचे आणि एसएमएस १६० चा. २०१७ मध्ये ती २८० झाली. पण आपला काना, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'त्र्यंबकेश्वर' म्हणायला पाच अक्षरं, मोजणीत १३! म्हणून वाक्यं छोटी ठेवा. हॅशटॅगचंही (विषय शोधता यावा म्हणून # लावून लिहिलेल्या शब्दाचंही) तसंच. '#नाशिकला' लिहिलंत तर तो '#नाशिक'पेक्षा वेगळाच हॅशटॅग होतो आणि शोधणाऱ्याला तुमचा संदेश सापडत नाही. प्रत्यय न लावता हॅशटॅग शेवटी टाका.

पासवर्डच्या जोडीला दुसरं कुलूप, म्हणजे लॉगिन करताना मागितला जाणारा कोड, लावाच. २०२३ पासून एसएमएसवरचा कोड फक्त पैसे भरणाऱ्यांना मिळतो, त्यामुळे ऑथेंटिकेटर अ‍ॅप (फोनवरच कोड तयार करून दाखवणारं अ‍ॅप) वापरा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तारीख, वेळ आणि जागा. एका पावसाळ्यात दुतोंड्या मारुतीच्या (गोदापात्रातली ही मूर्ती, तिच्यावरून आम्ही पूर मोजतो) छातीपर्यंत पाणी आल्याचा व्हिडिओ मला दिसला. मी घाबरून लगेच रीपोस्ट केला. तो जुन्या पुराचा निघाला. तोवर शेजारच्या काकांनी माणसं लावून सगळा माल माळ्यावर चढवला होता, मजुरी फुकट गेली. मी पोस्ट काढली, काकांची माफी मागितली, पण पुढे गेलेला व्हिडिओ काही परत आला नाही. फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी स्वतः पाहिलेलंच लिहितो, आणि ते असं: 'सायं. ५:४०, गाडगे महाराज पुलावरून. पाणी मारुतीच्या गुडघ्यापर्यंत. भांडी बाजार कोरडा.' एवढं वाचून गल्लीतले लोक ठरवतात की शटर कधी ओढायचं.

तुमच्याकडे तर लिहिण्यासारखं माझ्यापेक्षा जास्त आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर पानामागे डाऊनी (केवडा रोग) दिसला की फोटो काढा, गाव, तारीख आणि छाटणीनंतरचा कितवा दिवस ते लिहा, शेवटी #द्राक्ष. शेजारच्या गावातला एखादा बागायतदार त्याच संध्याकाळी जाऊन आपली पानं उलटून बघेल.